विमानाचे इंधन : एकदा मोजा, दुसऱ्या वाटेने पडताळा

विमान देखभालीच्या अभ्यासक्रमाकडे वळणारी मुले-मुली आता आपल्या बडोद्यातील मराठी घरांतही भेटतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात सी-२९५ विमानांच्या जुळणी कारखान्याचे उद्घाटन झाले, तेव्हापासून पालकही या क्षेत्राची चौकशी करू लागले आहेत. या विद्यार्थ्यांशी बोलताना आम्हाला एक गोष्ट वारंवार जाणवते. इंधन प्रणालीचा धडा त्यांना पाठ असतो, आकृतीही सुबक काढलेली असते. पण ‘हा व्हॉल्व्ह इथे कशासाठी?’ असे विचारले की उत्तर अडते. म्हणून या लेखात आम्ही परीक्षेच्या टिपणांच्या थोडे पलीकडे जायचे ठरवले आहे.

सुरुवातीलाच एक सूत्र सांगतो. विमानाच्या इंधनाबाबत चार प्रश्न असतात : इंधन योग्य प्रकारचे आहे का, पुरेसे आहे का, स्वच्छ आहे का आणि ते इंजिनापर्यंत पोहोचते आहे का. यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर एकाच खुणेवरून स्वीकारायचे नाही. प्रत्येक उत्तर दुसऱ्या, स्वतंत्र वाटेने पडताळायचे. पुढे ज्या दुर्घटना येतील त्यांतल्या बहुतेकांत हा दुसरा पडताळा एक तर झालाच नव्हता किंवा नावापुरता झाला होता.

इंधने मुख्यतः दोन

पहिले ॲव्हगॅस. हे पेट्रोलच्या कुळातले इंधन. ठिणगीवर चालणाऱ्या पिस्टन इंजिनासाठी, म्हणजे प्रशिक्षणाच्या सेस्ना १७२ सारख्या लहान विमानांसाठी ते वापरतात. आज सर्वत्र चालणारा त्याचा प्रकार म्हणजे १०० एलएल. एलएल म्हणजे ‘लो लेड’, कमी शिसे असलेले. कमी म्हटले तरी त्यात शिसे असतेच; दाबाखाली इंधनाचा अवेळी भडका उडू नये यासाठी ते घातलेले असते. त्यामुळे हे इंधन हाताळताना हातमोजे हवेत आणि ते कातडीवर राहू देता कामा नये. ओळखायला सोपे जावे म्हणून याला निळा रंग दिलेला असतो.

कोयलीची रिफायनरी बडोदेकरांना नवी नाही. पण तिथे ॲव्हगॅस तयार होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. भारत हे इंधन पूर्वी बाहेरून आणत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने देशात तयार केलेले १०० एलएल बाजारात आणले, ते याच रिफायनरीतले. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पहिली खेप पापुआ न्यू गिनीला निर्यातही झाली.

दुसरे इंधन म्हणजे जेट ए-१. आपल्याकडे त्याला एटीएफ म्हणतात. हे केरोसीनच्या कुळातले, रंगहीन किंवा फिकट पिवळसर. टर्बाइन इंजिने यावर चालतात. मग ती मोठ्या जेट विमानाची असोत, सी-२९५ सारख्या पंखेवाल्या विमानाची असोत की हेलिकॉप्टरची. याचे तीन आकडे पाठ हवेत. ज्वलनांक किमान ३८ अंश सेल्सिअस, गोठणांक उणे ४७ अंश किंवा त्याहून खाली, आणि १५ अंशांना घनता दर घनमीटरला ७७५ ते ८४० किलो. अमेरिकेत देशांतर्गत वापरले जाणारे जेट ए जवळजवळ असेच असते, फक्त त्याचा गोठणांक उणे ४० असतो. विमानवाहू नौकांवरील इंधनाचा ज्वलनांक ६० अंशांच्या वर ठेवतात, कारण जहाजाच्या पोटातली आग परवडत नाही. एकूण काय, इंधनाचा प्रत्येक आकडा कुठल्या तरी गरजेतून आलेला असतो.

आता शाश्वत विमान इंधनाचेही नाव ऐकू येते. मे २०२३ मध्ये पुणे ते दिल्ली या प्रवासी उड्डाणात देशात बनलेले असे इंधन थोड्या प्रमाणात मिसळून वापरले गेले आणि त्यात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचा वाटा होता. प्रमाणित केलेले असे मिश्रण जेट ए-१ म्हणूनच वापरता येते. त्यासाठी विमानात वेगळी टाकी किंवा पंप लागत नाही.

इंधनाची अदलाबदल

पिस्टन इंजिनाच्या विमानात चुकून जेट ए-१ भरले गेले तर काय होईल? इंजिन सुरूच होणार नाही, असे वाटेल. पण धोका नेमका इथेच आहे. नळ्यांत आणि गाळणीत उरलेल्या ॲव्हगॅसवर इंजिन सुरू होते, विमान धावपट्टीपर्यंत जाते, कधीकधी उडतेही. मग केरोसीन सिलिंडरमध्ये पोहोचते, नॉकिंग सुरू होते आणि इंजिनाची शक्ती ऐन चढाईत जाते.

म्हणून अडसर एकापेक्षा जास्त ठेवलेले आहेत. ॲव्हगॅसची पाटी लाल, जेटची काळी. जेटच्या नळीचे तोंड रुंद आणि चपटे असते, ते पिस्टन विमानाच्या लहान भरणमुखात जाऊ नये म्हणून. तरीही रंगावर एकट्यावर विसंबू नका. निळ्या ॲव्हगॅसमध्ये जेट मिसळले की रंग फिका पडतो, आणि मंद उजेडात फिका निळा आणि रंगहीन यांतला फरक चटकन कळत नाही. अशा वेळी पांढऱ्या कागदावर थेंब टाकून पाहावा. ॲव्हगॅस उडून जाते, जेट तेलकट डाग ठेवते. रंग ही एक वाट, कागद ही दुसरी.

‘पिस्टन म्हणजे ॲव्हगॅस’ हे सूत्रही डोळे मिटून वापरू नये. डायमंड कंपनीचे डीए-४२ एनजी हे प्रशिक्षण विमान पिस्टनचेच आहे, पण त्याची इंजिने डिझेल पद्धतीची असून ती जेट ए-१ वर चालतात. विमानाचा आकार पाहून इंधन ठरवू नका. भरणमुखाजवळची पाटी वाचा आणि ती विमानाच्या पुस्तिकेशी ताडून पाहा.

टाकीपासून इंजिनापर्यंत

सेस्ना १७२ ची प्रणाली आधी समजून घ्यावी, कारण तिच्यात सगळी मूळ तत्त्वे आहेत. टाक्या पंखांत आणि पंख डोक्यावर, त्यामुळे इंधन स्वतःच्या वजनाने खाली येते. वाटेत निवडकळ, बंद करण्याची कळ आणि गाळणी. टाकीतले इंधन कमी होईल तशी तिथे हवा यायला हवी, नाहीतर टाकीत पोकळी तयार होऊन प्रवाह थांबेल. तेवढ्यासाठी वेंट, म्हणजे हवेची वाट असते. या लहानशा नळीत कुंभारमाशीने घर केले तर भरल्या टाकीचे विमानही उपाशी राहू शकते. त्यामुळे पाहणीत वेंटचे तोंड बघणे हा निव्वळ उपचार समजू नये.

मोठ्या जेटमध्ये पंख हीच टाकी असते. पंखाच्या पोकळीचे सांधे सीलंटने बुजवलेले असतात. बोइंग ७३७ मध्ये दोन्ही पंखांत एकेक मुख्य टाकी आणि मध्ये तिसरी. आधी मधल्या टाकीचे इंधन वापरायचे, पंखांतले शेवटी, असा क्रम असतो. उड्डाणात पंखांवर वरच्या दिशेने जोर येतो आणि पंखांतले इंधन आपल्या वजनाने तो ताण कमी करते, म्हणून ते जास्तीत जास्त वेळ तिथेच राहिलेले बरे. यासाठी मधल्या टाकीच्या पंपांचा दाब मुद्दाम जास्त ठेवलेला असतो. सगळे पंप चालू असले तरी जास्त दाबाचे इंधन पुढे जाते आणि क्रम आपोआप पाळला जातो.

प्रत्येक टाकीत दोन बूस्टर पंप असतात. दोन्ही बंद पडले तरी इंजिनावरचा पंप इंधन ओढून घेऊ शकतो, मात्र फार उंचीवर याची खात्री नसते. पुढे पंखाच्या कण्याजवळ बंद करण्याचा व्हॉल्व्ह. इंजिनाला आग लागली तर वैमानिक जी मूठ ओढतो, तिने हा व्हॉल्व्ह बंद होतो. इंजिनात कमी दाबाचा पंप, मग इंधन आणि तेल यांची उष्णता अदलाबदल करणारा एक्स्चेंजर, गाळणी, जास्त दाबाचा पंप, मापन यंत्रणा आणि शेवटी फवारे. एक्स्चेंजर दोन कामे करतो : थंड इंधनाने इंजिनाचे तेल निवते आणि गरम तेलाने इंधनातले बर्फाचे कण वितळतात.

गाळणीला बगल देणारा बायपास व्हॉल्व्ह का असतो, हा मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न. गाळणी तुंबली तर इंधन थांबण्यापेक्षा ते न गाळता गेलेले बरे, कारण हवेत बंद पडलेले इंजिन हा त्याहून मोठा धोका. पण बायपासचा इशारा आल्याची नोंद दिसली, तर गाळणी बदलून काम संपत नाही. गाळणीत काय अडकले होते आणि ते कुठून आले, हे शोधणे हे खरे काम.

डाव्या टाकीचे इंधन उजव्या इंजिनाला द्यायची सोय म्हणजे क्रॉसफीड. ही सोय घातकही ठरू शकते. २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ए३३० चे उजवे इंजिन अटलांटिकवर असताना इंधन गळू लागले. काही दिवसांपूर्वी ते इंजिन बदलताना वेगळ्या सुधारणेचे भाग एकत्र बसवले गेले होते. त्यामुळे हायड्रॉलिकची नळी इंधनाच्या नळीला घासत राहिली आणि इंधनाची नळी फुटली. दोन टाक्यांतला फरक पाहून वैमानिकांनी क्रॉसफीड उघडला आणि चांगल्या टाकीचे इंधनही गळतीच्या वाटेने गेले. दोन्ही इंजिने बंद पडल्यावर विमान सुमारे १९ मिनिटे तरंगत अझोर्स बेटांवर उतरले आणि ३०६ जणांचे प्राण वाचले. नळी बसली म्हणजे काम झाले असे नाही. दोन नळ्यांमध्ये पुस्तिकेत दिले आहे तेवढे अंतर आहे का, हे मोजून पाहणे हाही कामाचाच भाग आहे.

लिटर की किलो?

पंपावर इंधन लिटरने येते, पण विमान किलोने विचार करते. इंधनाची ऊर्जा त्याच्या वस्तुमानाप्रमाणे मिळते आणि विमानाचे वजनही किलोतच मोजतात. शिवाय तापले की इंधन पसरते. १५ अंशांवरून ४० अंशांवर गेले की त्याच लिटरचे वजन सुमारे दोन टक्क्यांनी घटते. बडोद्याच्या मे महिन्यात हा फरक पुस्तकातच राहत नाही.

२३ जुलै १९८३ ची एअर कॅनडाची घटना या हिशेबासह समजून घ्या. बोइंग ७६७ चे इंधनमापक बंद होते, म्हणून टाकीखालच्या मोजपट्ट्यांनी इंधन मोजले. ते भरले ७,६८२ लिटर. प्रवासाला हवे होते २२,३०० किलो. लिटरचे किलो करताना ०.८०३ ने गुणायला हवे होते, गुणले १.७७ ने. हा आकडा खरा होता, पण तो एका लिटरमागे किती पौंड, हे सांगणारा होता. त्यामुळे विमानात १३,५९७ किलो आहे असे धरले गेले, प्रत्यक्षात होते सुमारे ६,१६९. भरायला हवे होते २०,०८८ लिटर, भरले सुमारे ४,९१७. विमान निघाले तेव्हा त्यात गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन होते. ४१,००० फुटांवर इशारे सुरू झाले, दोन्ही इंजिने बंद पडली आणि वैमानिकांनी विमान तरंगत आणून गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले. ६९ पैकी कोणीही दगावले नाही.

या प्रकरणात हिशेब पुन्हा तपासलाही गेला होता. पण त्याच चुकीच्या गुणकाने. आकडेमोड दहा वेळा केली तरी गुणक तोच असेल, तर तो पडताळा नव्हे. एकक आकड्याच्या शेजारी लिहायची सवय आजपासून लावून घ्या.

इंधनमापकही खोटे बोलतो

मोठ्या विमानाच्या टाकीत मोजमापासाठी नळीच्या आकाराचे कपॅसिटर उभे बसवलेले असतात. हवेचा विद्युत गुणांक सुमारे १ आणि जेट इंधनाचा सुमारे २, त्यामुळे इंधनाची पातळी बदलली की कपॅसिटन्स बदलतो आणि त्यावरून संगणक किलो काढतो. हा हिशेब त्या टाकीच्या आकाराशी बांधलेला असतो. टाकी बदलली की मापकही वेगळा लागतो.

ऑगस्ट २००५ मध्ये ट्युनिंटर कंपनीच्या एटीआर ७२ विमानाचा मापक बिघडला, म्हणून आदल्या दिवशी तो बदलण्यात आला. बसवला तो एटीआर ४२ चा. दोन्ही दिसायला सारखे, त्याच जागी बसणारे. टाक्या रिकाम्या होत आल्या तरी मापक हजाराहून अधिक किलो दाखवत राहिला. सिसिलीजवळ समुद्रात विमान उतरवावे लागले आणि ३९ पैकी १६ जण मृत्युमुखी पडले. मापक बदलल्यावर विमानातले इंधन एका रात्रीत वाढलेले दिसले होते, पण ते भरल्याची पावती कुठेच नव्हती. उरलेले इंधन अधिक भरलेले इंधन बरोबर मापकावरचे इंधन, एवढी बेरीज जुळते का, हे पाहणे म्हणजे दुसरी वाट. ती वाट तिथे खुली होती.

या धड्याचा दुसरा अर्धा भाग तुमच्या कामाचा आहे. सुटा भाग जागेवर बसतो, यावरून तो योग्य आहे असे ठरत नाही. पार्ट क्रमांक विमानाच्या सचित्र सूचीत, त्याच विमानासाठी, तपासल्याशिवाय सही करायची नाही.

पाणी, बर्फ आणि बुरशी

इंधनात पाणी येतेच. ते हवेच्या दमटपणातून येते, अर्धवट रिकाम्या टाकीत रात्री जमणाऱ्या दवातून येते, सैल झाकणातून पावसाचेही येते. पाणी जड असल्यामुळे तळाशी बसते, म्हणून टाकीच्या सर्वांत खालच्या जागी ड्रेन असतात. सेस्ना १७२ एस मध्ये असे १३ ड्रेन आहेत : प्रत्येक पंखात ५ आणि पोटाखाली ३. तेराही पाहायचे. नमुना निर्मळ आणि चमकदार हवा. धुरकट नको, कण नकोत, तळाशी बुडबुड्यासारखा थेंब नको. इथे एक फसगत होते. बाटलीत सगळे पाणीच आले असेल, तर तेही निर्मळच दिसते. म्हणून वास घ्या, रंग पाहा आणि जेट इंधनासाठी पाणी शोधणारी कॅप्सूल वापरा. पाणी असेल तर तिचा रंग बदलतो.

१७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून आलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७७७ ची दोन्ही इंजिने हीथ्रोजवळ उतरता उतरता शक्ती गमावून बसली. इंधन गोठले नव्हते. वाटेत ते उणे ३४ अंशांपर्यंतच थंड झाले होते. पण इंधनात नेहमीच असते तेवढ्याच पाण्याचे बर्फ होऊन ते नळ्यांच्या आत साचले, मग सुटले आणि एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकले. विमान धावपट्टीच्या अलीकडे आदळले, तरी १५२ जण वाचले. त्यानंतर त्या एक्स्चेंजरची रचना बदलण्यात आली.

पाणी आणि इंधन जिथे भेटतात तिथे बुरशीही वाढते. ती गाळण्या तुंबवते, टाकीचा धातू खाते, मापकाला चुकवते. तिच्यावर जंतुनाशक घालतात, पण त्याचे माप अगदी बारीक, दशलक्ष भागांत मोजण्याइतके असते. फेब्रुवारी २०२० मध्ये गॅटविकहून उडालेल्या एका ए३२१ ची दोन्ही इंजिने बिघडली. त्याआधी देखभालीत जंतुनाशक शिफारशीच्या ३८ पट पडले होते आणि त्यामागे होता दशलक्ष भागांचा चुकलेला हिशेब. शाळेतले प्रमाणाचे गणित पुढे उपयोगी पडत नाही, असे म्हणणाऱ्यांना ही घटना जरूर सांगा.

रिकामी टाकी अधिक धोक्याची

द्रव इंधनापेक्षा त्याची वाफ लवकर पेट घेते. जुलै १९९६ मध्ये टीडब्ल्यूए ८०० या बोइंग ७४७ च्या मधल्या टाकीतील वाफेचा स्फोट झाला आणि २३० जणांचे प्राण गेले. टाकी जवळजवळ रिकामी होती आणि खालच्या वातानुकूलन यंत्रांच्या उष्णतेने तापली होती. ठिणगी बहुधा मापकाच्या तारांतून आत गेली, असा तपासाचा निष्कर्ष होता. त्यानंतर टाकीजवळच्या तारा, त्यांचे अंतर आणि त्यांच्या पकडी यांवर कडक बंधने आली. अनेक विमानांत टाकीत नायट्रोजनयुक्त हवा सोडण्याची यंत्रणा बसवण्यात आली. तिने ऑक्सिजनचे प्रमाण १२ टक्क्यांच्या खाली आणतात.

तुमच्या स्वतःच्या जिवाचा प्रश्नही इथेच येतो. टाकीत उतरून काम करावे लागते. त्याआधी टाकी रिकामी करणे, हवा खेळती ठेवणे, वायू तपासणे, सुती कपडे, ठिणगी न पाडणारा दिवा, आणि बाहेर एक सहकारी सतत पहाऱ्याला. यांतले एकही सुटले तर आत जायचे नाही, वरिष्ठाने घाई केली तरीही. इंधन भरताना विमान आणि बाउझर यांच्यामध्ये बॉन्डिंगची तार आधी जोडायची आणि नळी निघाल्यावरच काढायची, हा नियमही स्थिर विजेच्या ठिणगीसाठीच.

अभ्यास करताना

विमानातली इंधन प्रणाली पुस्तिकेच्या २८ व्या प्रकरणात असते, इंजिनावरची ७३ व्या, आणि इंधन भरण्याची कृती १२ व्या. टर्बाइनच्या परवान्यासाठी मॉड्यूल ११ आणि १५ मध्ये हा विषय येतो. आकृती काढताना प्रत्येक भागाखाली एक ओळ लिहा : हा नसता तर काय झाले असते? एवढे केले तरी पाठांतर बरेच कमी होईल.

शेवटी वहीत सोडवायला एक गणित. टाकीत ९,५०० लिटर आहे, घनता लिटरला ०.७९ किलो, प्रवासाला हवे १२,००० किलो. किती लिटर भरायचे? उत्तर सुमारे ५,६९० लिटर. ते आले की थांबू नका. आधीचे ९,५०० आणि हे ५,६९० यांची बेरीज करा, तिला ०.७९ ने गुणा आणि १२,००० येतात का पाहा. मग ०.७९ हा आकडा किलोचाच आहे ना, हे पावतीवर वाचून घ्या, आणि त्यानंतर सही करा.